कंसातली ६७००४१७: कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस

नवा कॅल्क्युलेटर हातात आला की मी त्यावर सगळ्यात आधी ४२९४९६७२९७ टाकते. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. बरोबर दहा अंक, म्हणजे दहा अंकी पडदा काठोकाठ भरतो. वीस वर्षं घरी गणिताच्या शिकवण्या घेते आहे, तेव्हापासूनची ही सवय.

या वेळी कॅल्क्युलेटर माझ्यासाठी नव्हता, भाचीसाठी होता. आर्याला पॉलिटेक्निकला ॲडमिशन मिळाली आणि यादीत सायंटिफिक कॅल्क्युलेटर होता. आम्ही दोघी नागपूरच्या बर्डीवर गेलो, मोदी नंबर दोनच्या गल्लीत. बाहेर चिकट उकाडा, आत एकच पंखा, आणि काउंटरला ॲडमिशनवाल्या पोरांची गर्दी. दुकानदारांनी खोका उघडून कॅल्क्युलेटर समोर ठेवला. मी आकडा टाकला, बरोबरचं बटण दाबलं, मग शिफ्ट आणि अंश-मिनिटांचं बटण. त्या बटणाच्या वर बारीक अक्षरात ‘फॅक्ट’ लिहिलेलं असतं. त्याचं काम मूळ अवयव पाडणं.

“काय करून राहिल्या ताई? फोन नंबर लावून राहिल्या का?” दुकानदारांनी विचारलं. पडद्यावर तोवर उत्तर आलं होतं:

६४१ × (६७००४१७)

“मावशी, याला कंस कशाला?” आर्याने लगेच विचारलं. दुकानदारांना वाटलं आम्ही खोट काढतोय. “तो तसाच येते ताई, पीस एकदम ओरिजिनल आहे.” मला ओरिजिनलची खात्री त्या कंसामुळेच पटली होती. पण गर्दी होती, पैसे दिले आणि निघालो. मोरभवनच्या बसस्टॉपवर उभं राहून मी तिला कंस समजावला, आणि या कॅल्क्युलेटरबद्दल मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

हे यंत्र फक्त तीन अंकांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग लावून पाहतं. २, ३, ५, ७ असं करत ९९७ पर्यंत. आपल्या आकड्याला ६४१ ने नि:शेष भाग गेला, उरले ६७००४१७. त्याला ९९७ पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग जात नाही. मग ती मूळ संख्या आहे असं म्हणायचं का? ९९७ नंतरची मूळ संख्या आहे १००९. उरलेल्या संख्येला आणखी अवयव असतील तर ते दोन्ही किमान १००९ असणार, म्हणजे ती संख्या किमान १००९ गुणिले १००९, म्हणजे १०१८०८१ असणार. उरलेला तुकडा त्याच्या आत असेल तर तो नक्की मूळ, आणि यंत्र तो बिनकंसाचा लिहितं. ६७००४१७ त्याच्या बाहेर आहे. तिथे यंत्र छातीठोकपणे काही बोलत नाही, कंस टाकतं. जणू म्हणतं, ‘इथवर मी तपासलं, पुढचं तुम्ही बघा.’

मला हे फार आवडतं. माझ्याकडे येणारी नववी-दहावीची मुलं याच्या बरोबर उलट करतात. २, ३, ५, ७, ११ लावून पाहिलं, भाग गेला नाही, की ‘मूळ संख्या’ लिहून मोकळी. या आकड्याच्या अंकांची बेरीज ५९ येते, म्हणजे ३ ने भाग नाही. शेवटचा अंक ७, म्हणजे २ नाही, ५ नाही. ११ ची कसोटी लावा, तीही लागत नाही. शाळेतल्या सगळ्या कसोट्या संपतात आणि आकडा जसाच्या तसा उभा राहतो. इथे घाई करणारा फसतो, आणि फसणाऱ्यांत सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्माही होता.

फर्माने १६४० साली २ चे घात घेतले, पण घातांकही २ च्याच घातातले: १, २, ४, ८, १६. प्रत्येकात १ मिळवला. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. त्याला वाटलं ही माळ अशीच पुढे जाणार. पुढचा मणी २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे आपला ४२९४९६७२९७. त्याची शहानिशा त्याच्याकडून राहिली. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितज्ञाने दुसरा गणितज्ञ ऑयलर याला पत्रात विचारलं, फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का? ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता. १७३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने दाखवून दिलं की या आकड्याला ६४१ ने भाग जातो.

त्याने ६४१ पर्यंतच्या शंभरावर मूळ संख्या एकेक करून लावून पाहिल्या असतील, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. तसं करायची गरज नव्हती. कोणतीही मूळ संख्या या आकड्याला भागत असेल तर ती ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असलीच पाहिजे. का, ते वहीत करून बघण्यासारखं आहे. २ घ्या, दर वेळी दुप्पट करा, त्या मूळ संख्येने भागून फक्त बाकी लिहा. आपला आकडा २ चा ३२ वा घात अधिक १ आहे आणि त्याला भाग जातो, म्हणून बत्तिसाव्या पायरीला बाकी ‘उणे १’ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी) येते आणि चौसष्टाव्या पायरीला १. त्याआधी १ कुठेच येत नाही. म्हणजे फेरा बरोबर ६४ चा. आणि असा फेरा नेहमी मूळ संख्या वजा १ ला नि:शेष भागतो. हे दुसरं विधान कुणाचं? फर्माचंच, आणि त्याच १६४० सालचं! हत्यार त्याच्या हातात होतं. ते या आकड्यावर नीट चालवायचं तेवढं राहून गेलं.

आता ६४ च्या पटींत १ मिळवत चला: ६५, १२९, १९३, २५७, ३२१... यातल्या मूळ तेवढ्या ठेवल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला आकडा फुटतो. अमेरिकेतला झेरा कोलबर्न नावाचा आठ वर्षांचा मुलगा १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये तोंडी हिशेबांचे प्रयोग करायचा. त्याला हाच आकडा घातला गेला आणि त्याने मनातल्या मनात ६४१ आणि ६७००४१७ हे अवयव सांगितले. हे वाचल्यापासून मी मुलांना पाढे पाठ करायला सांगताना कचरत नाही.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येतं. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. आणि ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यास ५ गुणिले २ चा सातवा घात हा ‘उणे १’ सारखा वागतो. त्याचा चौथा घात करा: ५ चा चौथा घात गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, बाकी १. दुसऱ्यावरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे (२ चा चौथा घात) ठेवा. चार आणि अठ्ठावीस बत्तीस. उणे (२ चा बत्तिसावा घात), बाकी १. म्हणजे २ चा बत्तिसावा घात अधिक १, आपलाच आकडा, त्याची बाकी शून्य. दोन ओळींत काम होतं. फळ्यावर हे लिहिताना आजही माझा खडू शेवटच्या ओळीला थोडा थांबतो.

कॅल्क्युलेटर घेताना मी या आकड्याचे दोन शेजारीही टाकते. ४२९४९६७२९६ टाकून फॅक्ट दाबलं की पडद्यावर नुसता २ आणि त्याच्या डोक्यावर ३२. त्याच्या अलीकडच्या ४२९४९६७२९५ ला ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ येतं, कंस नाही. फर्माच्या माळेतले पाचही मूळ मणी एकाच संख्येत! जर्मन गणिती गाउसने १७९६ साली दाखवलं की सतरा बाजूंची नियमित आकृती, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेली, पट्टी आणि कंपासने काढता येते. त्याच वाटेने, माळेतले वेगवेगळे मूळ मणी एकमेकांशी गुणत गेलं तर विषम बाजूंची, पट्टी-कंपासने काढता येण्याजोगी, आज माहीत असलेली सगळ्यात मोठी नियमित आकृती ४२९४९६७२९५ बाजूंची आहे. आपला आकडा मूळ असता तर याहून मोठी मिळाली असती. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत ठेवायची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. अर्धा पट भरेपर्यंत दाणे होतात ते बरोब्बर ४२९४९६७२९५, आणि तेहेतिसाव्या एकट्या घरात त्याहून एक जास्त. २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्यापासून माझ्या शिकवणीतल्या अर्ध्या पोरांच्या दप्तरात पट असतो, त्यामुळे हे उदाहरण आता पटकन पोचतं.

आणखी एक चाचणी मी हटकून करते. ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. उत्तर ४२९४९६७२९७. मग ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. उत्तर पुन्हा तेच. एकच विषम संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता आली तर ती मूळ असूच शकत नाही, हेही ऑयलरचं. म्हणजे एकही भागाकार न करता, वर्गाचं बटण चार वेळा दाबून, आकडा संयुक्त ठरतो.

हे वर्ग येतात कुठून, तेही दाखवते. ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७००४१७ म्हणजे २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. आता तिरके गुणाकार करा. २५ गुणिले २५५६ म्हणजे ६३९००. ४ गुणिले ४०९ म्हणजे १६३६. बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. दुसऱ्या बाजूला २५ गुणिले ४०९ म्हणजे १०२२५, आणि ४ गुणिले २५५६ म्हणजे १०२२४. वजाबाकी १, बेरीज २०४४९. चारही वर्ग हजर. १०२२५ आणि १०२२४ हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात ‘भावना’ म्हणून जी रीत दिली, त्याच कुळातली ही रीत आहे. एक समास, म्हणजे बेरजेची, आणि एक अंतर, म्हणजे वजाबाकीची. आणि जाता जाता, २०४४९ स्वतःसुद्धा १४३ चा वर्ग आहे.

आता वस्तूबद्दल. मला तो साडेतेराशेला पडला. सौर पट्टी आहे आणि आत एलआर४४ बटण सेल. सरकवून लावायचं कडक झाकण आहे, दप्तरात कंपासपेटीखाली दबला तरी बटणं दाबली जात नाहीत. अपूर्णांक, मुळं, घात वहीत लिहितो तसेच पडद्यावर दिसतात. पहिल्या वर्षाच्या पोरांना याचा खरा आधार असतो, कारण आपण नेमकं काय टाकलं ते समोर दिसतं. पॉलिटेक्निकच्या पेपरवर नॉन-प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर चालेल अशी सूचना छापलेली असते. हा प्रोग्रामेबल नाही, त्यामुळे परीक्षेची काळजी नाही.

मर्यादा ध्यानात ठेवा. फॅक्ट दहा अंकांपर्यंतच चालतं. माळेतला पुढचा मणी १८४४६७४४०७३७०९५५१६१७ हा वीस अंकी आहे. २ चा ६४ वा घात अधिक १ केलं तर पडद्यावर १.८४४६७४४०७ गुणिले १० चा १९ वा घात एवढंच येतं, शेवटचे अंक दिसत नाहीत. त्यामुळे तो आकडा २७४१७७ ने फुटतो हे या यंत्रावर थेट भागून ताडून बघता येत नाही, कागद-पेन्सिलच घ्यावी लागते. लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० साली ते शोधलं तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता.

नकली मालापासून जपा. तीन वर्षांपूर्वी शिकवणीतल्या एका मुलासाठी मी दुसऱ्या एका ठिकाणाहून, दोनशे रुपये वाचतात म्हणून, चालवून न बघता असाच दिसणारा कॅल्क्युलेटर आणला. घरी येऊन आकडा टाकला, शिफ्ट दाबलं, फॅक्ट दाबलं, पडदा हललाच नाही. बटणावर अक्षरं छापलेली होती, आत काही नव्हतं. परत घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. त्या मुलाच्या आईचे पैसे होते, मी भरून दिले, पण ती गोष्ट अजून मनाला लागते. तेव्हापासून खोका उघडून, काउंटरवरच हे तीन शेजारी आकडे टाकल्याशिवाय मी पाकीट काढत नाही. बर्डीच्या या दुकानदारांनी गर्दीतही शांतपणे टाकू दिले, पक्कं बिल दिलं, खोक्यावर शिक्का मारून दिला.

आर्याने बसमध्येच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं: ६४१ × (६७००४१७). रविवारी जेवणं झाल्यावर ती वही घेऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. “मावशी, कंसाचं काय करायचं?”

मी तिला ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाची १८७८ सालची सुधारणा सांगितली: या आकड्याचे मूळ अवयव नुसते ६४ च्या नाही, १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतात. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ आणि थोडं वर. तिथपर्यंत अशा संख्या फक्त वीस. तिने उभ्या ओळीत लिहिल्या, १२९ पासून २५६१ पर्यंत. शेवटी ५ असलेल्या खोडल्या. अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो त्या खोडल्या. उरल्या दहा. त्या दहा तिने एकेक करून कॅल्क्युलेटरवर टाकल्या आणि फॅक्ट दाबलं. १५३७ चे २९ आणि ५३ झाले, १७९३ चे ११ आणि १६३, १९२१ चे १७ आणि ११३, २१७७ चे ७ आणि ३११, २५६१ चे १३ आणि १९७. राहिल्या पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९.

मग ६७००४१७ ला त्या पाचांनी भाग. बाकी कुठेच शून्य आली नाही. १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. शेवटची बाकी तिने दोनदा काढून पाहिली. मग मागचं पान उलटलं, खोडरबर घेतला आणि डावीकडचा कंस खोडला, मग उजवीकडचा. कागदावरची भुरी फुंकून तिने कॅल्क्युलेटर पुन्हा चालू केला, आकडा टाकला, फॅक्ट दाबलं. पडद्यावर कंस तसाच होता. तिने वही त्याच्या शेजारी ठेवली आणि दोन्हींचा मिळून एक फोटो काढला.